अकरा मीटर नैर्ऋत्येला

आकाशातून जाणारे प्रत्येक विमान जमिनीवरच्या खांबाला एकच प्रश्न विचारते: मी तुझ्यापासून किती दूर आहे? खांब आकडा सांगत नाही. विमानातून रेडिओलहरींच्या दोन ठोक्यांची एक जोडी खाली येते, खांब मोजून पन्नास मायक्रोसेकंद थांबतो आणि तशीच एक जोडी वर पाठवतो. प्रश्न गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ विमान मोजते, त्यातून थांब्याचे पन्नास वजा करते, आणि उरलेला निव्वळ प्रवास अर्धा केला की अंतर हाती येते. दोन खांबांपासूनची दोन अंतरे मिळाली की नकाशावर दोन वर्तुळे काढायची. ती जिथे छेदतात तिथे आपण. आपण कुठे आहोत हे स्वतःकडे पाहून कधीच कळत नाही, इतर दोघांपासून किती दूर आहोत एवढेच कळते, आणि ते पुरते. मैथिली घवाळीने हे पहिल्यांदा वाचले तेव्हा ती पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसली होती.

आता ती तिशीची होती आणि आंबेरकोंडच्या सड्यावरच्या खांबाची एकुलती एक इंजिनियर होती. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. फाल्गुनात त्यावरचे गवत करडे होते, दगड दुपारभर तापतो, आणि नजरेला अडवायला एकही झाड नसल्यामुळे क्षितिज अंगावर येते. त्या सगळ्या आडवेपणात खांब तेवढा उभा. पंधरा मीटर उंच, भोवती काटेरी तारेचे लहानसे कुंपण, शेजारी पत्र्याची केबिन.

तीन वर्षांपूर्वी सूर्यावर एकामागून एक उठलेल्या वादळांनी दिशा दाखवणारे निम्मे उपग्रह मुके केले. उरलेल्यांचा क्षीण आवाज बुडवणारी यंत्रे खेळण्यांच्या दुकानात मिळावीत इतकी स्वस्त झाली. उपग्रहांच्या भरवशावर ढगातून उतरायला कुणी वैमानिक तयार होईना, तेव्हा मोडीत काढायला घेतलेले जमिनीवरचे खांब पुन्हा आठवले. प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी स्ट्रॉन्शियमच्या अणूंवर चालणारे, फ्रिजएवढे घड्याळ बसवण्यात आले. विश्वाच्या वयाइतका काळ चालले असते तरी ते एका सेकंदाने चुकले नसते. जुन्या यंत्रांना दीडशे-दोनशे मीटरची चूक माफ होती. खांबांच्या या नव्या जाळ्याने एका मीटरचे वचन दिले. जाळ्याला नाव मिळाले मेखला.

सड्याखालच्या धावपट्टीच्या वाट्याला मेखलेचे पाच खांब आले होते. चार ईशान्येला, सह्याद्रीच्या माथ्यावर, जवळजवळ एका रेषेत. पाचवा एकटा, या सड्यावर. दोन वर्तुळे काटकोनात छेदली की छेद सुईच्या टोकाएवढा असतो. पसरट कोनात छेदली की तोच छेद लिंबाच्या फोडीसारखा लांबट होतो, आणि त्या फोडीत विमान कुठेही असू शकते. सड्यावरचा खांब वगळला तर धावपट्टीच्या वाट्याला नुसत्या फोडीच उरत होत्या. रुग्णांना मुंबईला नेणारे नऊ आसनांचे विमान त्यामुळेच गेले दोन पावसाळे जागेवर बसून होते. दोन्ही पावसाळ्यांत सड्याखालच्या वाड्यांमधून माणसे घाटाच्या रस्त्याने निघाली होती, आणि त्यातली काही वाटेतच थांबली होती. खांब चाचणीत उतरला, तर यंदा जूनमध्ये विमान ढगातून उतरणार होते.

चाचणी आठ दिवसांवर होती, आणि खांब अकरा मीटर चुकत होता.

तीन आठवडे मैथिली ती चूक शोधत होती. सरावाचे विमान येऊन घिरट्या घालून जाई. समोरच्या टेकडीवर, जुन्या सर्वेक्षणाच्या दगडावर बसवलेला लेझर विमानाची खरी जागा सांगे. आणि मेखलेचे उत्तर त्याच्याशी जुळत नसे. तिने केबल बदलली, अँटेना उतरवून पुन्हा चढवली, एकदा तर जोडपेटीत निघालेल्या मुंग्यांवरही संशय घेतला. चूक जागची हलली नाही. कधी अधिक अकरा, कधी उणे अकरा, कधी अजिबात नाही. जणू एखाद्या माणसाची लहर.

त्या दुपारी तिने सगळ्या नोंदी तारखेनुसार न मांडता दिशेनुसार मांडल्या. कागदावर एक वर्तुळ काढले आणि विमान ज्या बाजूला होते त्या बाजूला त्याची चूक लिहीत गेली. लिहून झाल्यावर तिने हातातले पेन खाली ठेवले.

विमान ईशान्येला असताना अंतर अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर जास्त येत होते. नैर्ऋत्येला असताना तेवढेच कमी. वायव्येला आणि आग्नेयेला शून्य. मधल्या दिशांना मधले आकडे, उतरत्या जिन्यासारखे नीट.

घड्याळ चुकले असते तर ते सगळ्या दिशांना सारखेच चुकले असते. वेळेला बाजू नसते. बाजू असते ती जागेला. यंत्र पहिल्या दिवसापासून खरेच बोलत होते. चूक एवढीच होती, की सारे आकाश खांबाला जिथे समजत होते, तिथे तो उभाच नव्हता. तो तिथून अकरा मीटर नैर्ऋत्येला होता. लेझर टेकडीवर तीन आठवडे सज्ज होता, पण तो खांबावर रोखावा असे कुणालाही वाटले नव्हते. खांब कुठे आहे हा प्रश्न कागदावर केव्हाच सुटलेला होता.

तिने तो कागद काढला. बावीस वर्षांपूर्वीचे पायाभरणीचे प्रमाणपत्र. अक्षांश, रेखांश, मोहोर. खाली, तिला चौथीपासून ओळखू येणारी, लपेट नसलेली सरळ सही: द. रा. घवाळी, सुपरवायझर.

तिचे वडील. निवृत्तीनंतरही खात्यात ज्यांचे नाव ‘बिनचूक घवाळी’ असेच घेतले जाई. ज्यांच्या खांबाच्या नोंदीत बावीस वर्षांत एकही दुरुस्ती नाही म्हणून, चाचणीच्या दिवशी शाल देऊन ज्यांचा सन्मान व्हायचा होता.

मुख्यालयातल्या तपासणी अधिकारी सरनोबत मॅडमना तिने फोन केला तेव्हा सहीचे तिने सांगितले नाही. जागेचे तेवढे सांगितले.

“अकरा मीटर?” सरनोबत म्हणाल्या. “जमीन सरकली असेल. तसं लिही आणि मोकळी हो. कारणाच्या रकान्यात सगळे तेच लिहितात.”

“सडा सरकत नाही, मॅडम. अखंड दगड आहे.”

“हे तुला ठाऊक आहे. रकान्याला ठाऊक आहे का?”

मैथिली घरी पोचली तेव्हा उन्हे अजून अंगणात होती. आई बोटांना खोबरेल लावून ओले काजू सोलत बसली होती. वडील, दत्ताराम, शिमग्यासाठी ढोलाच्या दोऱ्या आवळत होते. गावच्या पालखीपुढे ढोल वाजवण्याचा मान घवाळींचा, आणि गेली चाळीस वर्षे तो मान त्यांनी दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नव्हता.

“बाबा, खांबाच्या पायाची खुंटी कुणी ठोकली होती?”

“सर्व्हेवाल्यांनी.”

“आणि पाया कुठे भरला?”

दत्तारामांच्या हातातली दोरी तशीच ताणलेली राहिली. आईने मान वर केली नाही, पण सोलण्याचा वेग कमी झाला.

“आलं ना पोरीच्या लक्षात?” ती काजूंना उद्देशून बोलली. “मी तेव्हाच म्हणत होते.”

“काय म्हणत होतीस?” मैथिलीने विचारले.

“हिला इंजिनियर करू नका म्हणून.”

“म्हणजे तुलाही ठाऊक होतं?”

“अगो, मी त्या दिवशी भाकऱ्या घेऊन गेले होते वर. मोजायच्या फितीचं एक टोक माझ्याच हातात होतं.”

दत्तारामांनी ढोल भिंतीला टेकवला. त्यांच्या चेहऱ्यावर मैथिलीने अपेक्षिलेले काहीच नव्हते. ना धसका, ना शरम. उलट जुन्या मित्राची हाक रस्त्यात ऐकू यावी तसे काहीतरी उजळले होते. “किती निघालं?” त्यांनी विचारले.

“आधी तुम्ही सांगा.”

“अकरा मीटर अडतीस. पोलादी फीत. दोनदा मोजलं.”

तिने कागद त्यांच्यापुढे धरला. अकरा पूर्णांक चार. प्रकाशाला जायला अडतीस नॅनोसेकंद लागतील एवढे अंतर, तीन हजार मीटरवरून उडणाऱ्या विमानाने मोजलेले. दत्ताराम त्या आकड्याकडे पाहत राहिले, मग तो कागद त्यांनी बायकोपुढे नेला. “दोन सेंटिमीटर, शालिनी. फक्त दोन सेंटिमीटरचा फरक. काय घड्याळ बनवलंय बघ.”

“हसू नका, बाबा.”

“हसत नाही.”

“न मोजलेला आकडा लिहायचा नाही, हे मला तुम्ही शिकवलंत. पाढे यायच्या आधी शिकवलंत.”

“मोजला होता की.”

“मोजलात एक आणि लिहिलात दुसरा.”

आईने सोललेल्या काजूंची वाटी मुलीपुढे सरकवली. “खा आधी. मग भांडा दोघं. रिकाम्या पोटी तुझा आवाज चिरका होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम तिला सड्यावर घेऊन गेले. कुंपणापाशी न थांबता ते पुढे, ईशान्येकडे चालत राहिले आणि एका जागी उभे राहिले. तिथे काही नव्हते. दगड, गवत, एका सरड्याची घाईघाईने निघून गेलेली सावली.

“इथे भेटतात,” ते म्हणाले.

मैथिलीने ती भेट लहानपणापासून पाहिलेली होती. आंबेरकोंडची वाघजाई आणि दाभिळवण्याची नवलाई, दोन बहिणी, दोन गावांच्या देवी. शिमग्यात दोघींच्या पालख्या आपापल्या गावांतून निघून सड्यावर येतात आणि वर्षातून एकदा, हद्दीवर, एकमेकींना टेकतात. पण त्या भेटीला एक नेमकी जागा आहे, हे तिच्या ध्यानात कधी आले नव्हते. गर्दीत खांद्यावर बसून पाहिलेल्या गोष्टीला अक्षांश-रेखांश नसतात.

“दगड नाही, खूण नाही,” दत्ताराम सांगू लागले. “भोयांच्या पायांना ठाऊक असतं तेवढंच. आणि सर्व्हेवाल्यांनी एवढ्या मोठ्या सड्यावर खुंटी ठोकली ती बरोबर इथे. दुसऱ्या दिवशी दोन्ही गावची माणसं आली. भांडली असती तर बरं झालं असतं, मी पोलीस बोलावले असते. पण भांडली नाहीत. नुसती उभी राहिली. म्हातारा गुरव म्हणाला, ‘दत्ता, तुझा खांब कुठेही उभा केलास तरी खांबच. ह्या दोघींना आम्ही काय सांगू? पुढच्या वर्षीपासून जरा बाजूला भेटा म्हणून?’”

“वर कळवायचं होतंत.”

“कळवलं असतं. मंजूर झालेला बिंदू बदलायचा म्हणजे फाइल वर जाणार, दोन वर्षं फिरणार, आणि शेवटी बिंदू बदलू नये असं उत्तर येणार. यंत्राला दोनशे मीटर माफ होते, मैथिली. मी म्हटलं, दोनशेत अकरा कुणाला दिसतात?”

“दिसले.”

“हो,” ते म्हणाले, आणि त्या एका अक्षरात जो अभिमान होता तो त्यांना लपवता आला नाही. “दिसायला माझीच मुलगी यावी लागली.”

तिला राग टिकवून धरणे कठीण जात होते. वाऱ्यावर गवत एका अंगाला कलत होते आणि पुन्हा उभे राहत होते.

“जमीन सरकली असं लिहिता येईल,” ती म्हणाली. “मॅडमनी स्वतःच सुचवलंय. तुमचं नाव येणार नाही. शाल मिळेल.”

“मग?”

“मग मेखला हा खांब ‘सरकत्या जमिनीवरचा’ म्हणून धरील, आणि त्याच्या उत्तराला निम्मीच किंमत देईल. विमानाला दीडशे मीटरच्या खाली ढगात उतरायची परवानगी मिळणार नाही. जुलैत इथे ढग किती खाली असतात?”

दत्तारामांनी हात कमरेएवढा धरून दाखवला. “सड्यावर चालताना पाय दिसत नाहीत.”

“खरं लिहिलं तर साठ मीटरपर्यंत उतरता येईल. पण सही तुमची आहे.”

“सहीचं काय घेऊन बसलीस? निवृत्त माणसाच्या नावाला वाळवी लागली काय आणि गंज चढला काय.” त्यांची नजर पायांखालच्या दगडावर होती. “मला भीती दुसरीच आहे. खरं कळल्यावर ते म्हणाले, खांब मंजूर जागी आणा, तर? तर इथे काँक्रीट येईल. ज्याच्यासाठी खोटं लिहिलं, तेच जाईल.”

दोघांपुढेही आता एकच प्रश्न होता आणि त्याला लबाडीचे उत्तर तयार होते. मैथिलीने ढगांचा विचार केला. त्या ढगात शिरणाऱ्या वैमानिकाचा, ज्याला खाली काही दिसत नाही, आणि ज्याने कधीही न पाहिलेल्या एका खांबाच्या शब्दावर नऊ माणसांचे वजन टाकलेले असते.

“मी खरं लिहिणार,” ती म्हणाली.

दत्तारामांनी वाकून दगडावरचा एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाले, “कारणाचा रकाना मी भरतो. माझं अक्षर बरं आहे.”

चाचणीचे विमान साऱ्या कोकणपट्टीसाठी एकच होते आणि सड्याच्या वाट्याला आलेला दिवस मुख्यालयाने ठरवलेला होता. तो पालख्यांच्या भेटीचा दिवस होता. मुख्यालयाच्या कॅलेंडरात वाघजाई आणि नवलाई नव्हत्या.

सरनोबत सकाळीच पोचल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, कोल्हापूरकडच्या खणखणीत आवाजाच्या. केबिनमध्ये उभ्या उभ्याच त्यांनी अर्ज वाचला. कारणाच्या रकान्यात दत्तारामांनी चार ओळी लिहिल्या होत्या: मंजूर बिंदूवर दोन गावांच्या देवींची भेट होते. मी पाया तिथून अकरा मीटर अडतीस सेंटिमीटर नैर्ऋत्येला भरला. प्रमाणपत्रात मंजूर बिंदूच लिहिला. चूक माझी, मोजमाप बरोबर.

सरनोबतांनी चष्म्यावरून पाहिले. “तुम्हीच का बिनचूक घवाळी?”

“कालपर्यंत,” दत्ताराम म्हणाले. त्यांच्या गळ्यात ढोल अडकवलेला होता.

“आणि ही तुमची मुलगी.”

“तिनेच पकडलं.”

“माझ्या बापाने असं काही केलं असतं तर मी जमीन सरकवली असती,” सरनोबत म्हणाल्या, आणि त्या चेष्टा करीत होत्या की नाही हे कुणाला कळले नाही. त्यांनी टेकडीवरच्या माणसाला वॉकीटॉकीवरून लेझर खांबावर रोखायला सांगितले. उत्तर दोन मिनिटांत आले. अकरा मीटर एकोणचाळीस.

“खांब मंजूर बिंदूवर आणायचा तर किती वेळ?”

मैथिलीला आपल्या वडिलांकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. “आठ महिने. पावसाळा धरून.”

“आणि आकडा बदलून चाचणी करायची तर?”

“विमान निघालंय, मॅडम. वीस मिनिटांत डोक्यावर येईल.”

“मग आधी आकड्याचं बघू. मीटरच्या आत आलं तर पुढचं बोलू.”

मैथिलीने बावीस वर्षांचे अक्षांश-रेखांश खोडून नवे भरले. एवढे साधे काम तिने आयुष्यात इतक्या हळू कधी केले नव्हते. शेवटचा अंक दाबला तेव्हा दूरवरून ताशांचा आवाज ऐकू आला. सड्याच्या पूर्वेच्या कडेवर एक निशाण उगवले, मग डोकी, मग पालखीचा लाल गोंडा. पश्चिमेच्या कडेवर दुसरे निशाण.

“हे काय आहे?” सरनोबतांनी विचारले.

“मंजूर बिंदूकडे निघालेत,” आई म्हणाली. ती नवी इरकली नेसून केबिनच्या दारात उभी होती.

“चाचणी चालू असताना खांबाच्या शंभर मीटरांत माणूस नको. माणसाचं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी. लहरी त्यावर आदळून भलतीकडे जातात. यांना अर्धा तास लांब ठेवता येईल का?”

“देवाला लांब ठेवायचं?” आईने पदर सावरला. “तुम्ही सांगून बघा, बाई. माझं तर घरातलं माणूस ऐकत नाही.”

घरातले माणूस तोवर ढोल घेऊन पालखीपुढे पोचलेही होते. सरनोबत दारात उभ्या राहून पाहत होत्या. विमानाच्या बॅटरीत चाळीस मिनिटांचे बळ होते आणि पुढची तारीख जुलैतली होती. सड्यावर दोन्ही बाजूंनी माणसे ओतली जात होती. म्हातारी, मुलांना कडेवर घेतलेली, मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेली, डोळे झोपेचे आणि अंग नाचाचे.

“दरवर्षी येतात?”

“दरवर्षी,” मैथिली म्हणाली.

“मग विमानांनाही सवय असलेली बरी. रिकाम्या जागी घेतलेली चाचणी रिकाम्या जागेपुरतीच खरी. नोंदीत लिही, परिसरात अंदाजे दोन हजार माणसं. चालू करा.”

विमान आले, लहान, पांढरे, पतंगासारखे स्थिर. चाचणीचे वर्तुळ सुरू झाले. खाली पालख्या नाचू लागल्या. एक भोई खांद्यावर दांडी तोलत गुडघ्यांवर बसला, पालखी हवेत तिरपी झाली, पुन्हा सरळ झाली. मैथिलीच्या पडद्यावर आकडे उमटू लागले. ईशान्य: शून्य पूर्णांक चार. उत्तर: शून्य पूर्णांक पाच. ती प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होती आणि सरनोबत लिहीत होत्या. वायव्य: शून्य पूर्णांक तीन. विमान पश्चिमेला असताना खाली दोन्ही गर्दी एकमेकींत मिसळल्या आणि आकडा चढला, शून्य पूर्णांक आठ, शून्य पूर्णांक नऊ. सरनोबतांचे पेन थांबले. दोन हजार पाण्याच्या पिशव्या खांबाभोवती उड्या मारत होत्या, आणि आठशे किलोचे विमान त्यांच्यामधून आपला प्रश्न विचारत होते. शून्य पूर्णांक सात. नैर्ऋत्य: शून्य पूर्णांक चार. मग दक्षिण, आग्नेय, पूर्व, सगळे अर्ध्या मीटरच्या आत. वर्तुळ मिटले.

“उत्तीर्ण,” सरनोबत म्हणाल्या. मग, कागदावरून डोके न उचलता, “खांब राहू दे आहे तिथे. दगडात पाय रोवून बसलाय, त्याला उठवायचं कशाला? आकडा बदलला तसा नोंदीतला मंजूर बिंदूही बदलू. त्याला माझी सही पुरते. मात्र चुकीच्या प्रमाणपत्राचा शेरा जाणार, त्यावर घवाळींचं नाव जाणार, आणि सन्मान रद्द. त्यात मला काही करता येणार नाही.”

“बरं झालं,” आई म्हणाली. “शाली ठेवायला कपाटात जागाच नव्हती.”

मैथिली दाराशी गेली. गर्दीच्या मध्यभागी एक पोकळी तयार झाली होती आणि त्या पोकळीत दोन्ही पालख्या हळूहळू एकमेकींकडे सरकत होत्या. कुणी दिशा देत नव्हते, कुणी खालती पाहत नव्हते. तिला एकदम उमगले, आणि ते इतके उघड होते की तीन आठवड्यांत सुचले कसे नाही याचे तिला हसू आले. विमानांच्या नकाशांवर खांब कधी होताच कुठे? होता तो प्रमाणपत्रातला बिंदू. बावीस वर्षे, या आकाशातून गेलेल्या प्रत्येक विमानाने, रात्री-अपरात्री, वादळात, झोपलेल्या प्रवाशांसह, आपली वर्तुळे याच जागेभोवती काढली होती. सगळे आकाश बहिणींच्या भेटीच्या जागेपासून स्वतःला मोजत आले होते.

ती हे बोलून गेली तेव्हा सरनोबत तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“म्हणूनच तो बिंदू पुसता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं वापरलेला बिंदू नकाशातून काढायचा नाही, असा नियम आहे. त्याला नाव द्यायचं आणि ठेवायचा. नाव असलेल्या बिंदूवर कुणी बांधकामही करत नाही, उंचीची परवानगी मिळत नाही. रोमन पाच अक्षरं हवीत, रेडिओवर नीट ऐकू येतील अशी. मंजुरी यायला महिना लागेल, पण आज तात्पुरतं देऊ. सुचतंय काही?”

मैथिलीने आईकडे पाहिले. आईने फार विचार केला नाही. “बहीण,” ती म्हणाली.

सरनोबतांनी बोटांवर अक्षरे मोजली. पाच भरली. त्यांनी माइक ओढला आणि वैमानिकाला सांगितले, की जाता जाता जुन्या बिंदूवरून सरळ जा, त्याचे नाव आता हे आहे, आणि पोचलास की कळव.

विमान दक्षिणेकडून वळून आले. खाली दत्ताराम घामाने निथळत होते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि दोन्ही हात इतक्या वेगाने फिरत होते की ढोलाच्या कडा धूसर दिसत होत्या. पालख्यांच्या दांड्या एकमेकींवर टेकल्या. सड्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत गुलाल उठला आणि त्या लाल धुक्याच्या वरून, नेमके वरून, पांढरे पंख सरकत गेले.

केबिनच्या पत्र्यावरच्या कर्ण्यातून वैमानिकाचा आवाज आला, तरुण, सावकाश, त्याला खाली काय चालले आहे याची काही कल्पना नसलेला. “सडा केंद्र, मी बहीणवर. अंतर शून्य.”

ढोलाच्या गजरात दत्तारामांना शब्द कळले नाहीत. हात न थांबवता त्यांनी दाराकडे पाहून ओरडून विचारले, “काय म्हणतोय तो?”

आईने दोन्ही तळहात तोंडाभोवती धरले. “पोचलो म्हणतोय,” ती ओरडली. “वाजवा तुम्ही.”